टेम्पोचा टायमिंग बेल्ट घरी बदलताना : काय करावे आणि कुठे थांबावे

आपल्यातील कितीतरी घरांची रोजी चाकावर चालते. कोणी भिवंडीहून सुताच्या गोण्या आणतो, कोणी मालेगावच्या कापडाचे तागे पोचवतो, कोणी नाशिकचा कांदा मुंबईला नेतो, तर कोणी स्वतःच्या कारखान्यात बनवलेले कपाट स्वतःच्याच टेम्पोत टाकून गिऱ्हाइकाच्या दारात उतरवतो. अशा माणसाची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे जाते, आणि आठ दिवस उभी राहिली तर गिऱ्हाईकही जाते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

गाडी आठ-आठ दिवस उभी करणाऱ्या बिघाडांत टायमिंग बेल्ट तुटणे हा एक मोठा बिघाड आहे. बेल्ट स्वतः फार महाग नाही. पण तो चालत्या गाडीत तुटला तर हेड उतरवावे लागते, वॉल्व्ह बदलावे लागतात, कधी पिस्टनही जातो. वेळेवर बदलला तर एका दिवसाचे काम आणि न बदलला तर अर्धे इंजिन, असा हा हिशेब आहे. हे काम घरच्या अंगणात होऊ शकते काय, कोणी करावे, आणि कोणत्या टप्प्यावर हात आवरून मिस्त्रीला बोलवावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

टायमिंग म्हणजे काय?

डिझेल इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या जोरावर खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह तो उघडतो. पिस्टनची चाल आणि वॉल्व्हची उघडझाप यांचा मेळ बसवणे म्हणजे टायमिंग. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक २ वेळा फिरला की कॅम १ वेळ फिरतो. म्हणूनच कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते असतात.

क्रँक मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर कॅम १२०० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २० वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, त्यामुळे पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. त्या क्षणी वॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. बेल्ट तुटल्यावर नेमके हेच होते. कॅम जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगाने फिरणारा क्रँक पिस्टनला वर ढकलत राहतो. गाडी बंद पडेपर्यंत नुकसान झालेले असते.

चैन, गिअर आणि बेल्ट

क्रँकपासून कॅमपर्यंत चाल पोचवण्याचे तीन प्रकार आहेत. आपल्या गाडीत कोणता आहे हे आधी माहीत करून घ्यावे.

पहिला प्रकार चैनचा. जुन्या अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनात चैन असे. चैन एकाएकी सहसा तुटत नाही. तिच्या पिना झिजतात, ती सैल पडते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड ऐकू येते. ती एका अर्थाने बोलून सांगते.

दुसरा प्रकार गिअरचा. टाटाच्या ४०७ आणि त्याहून मोठ्या जुन्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांत दात्यांवर दाते असे गिअर बसवलेले आहेत. हे गिअर बहुधा इंजिनाच्या पहिल्या मोठ्या कामापर्यंत टिकतात. झिजले तर मंद चालीत पुढच्या बाजूने ठोका किंवा सुं-सुं असा आवाज येतो. हे काम अंगणात करू नये. पुढचे कव्हर उतरवावे लागते, मधल्या गिअरचा बुश तपासावा लागतो, दात्यांमधली फट मापावी लागते, आणि काही गिअर प्रेसशिवाय निघत नाहीत. ते जाणत्या कारागिराचेच काम आहे.

तिसरा प्रकार बेल्टचा. मारुती ८०० मध्ये तो होता. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एसमध्ये, म्हणजे ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो त्याच्या दोन सिलिंडरच्या ७०२ सी.सी. डिझेल इंजिनातही टायमिंग बेल्टच आहे. लहान व्यापाऱ्याच्या हातात हीच गाडी जास्त असते, म्हणून पुढची माहिती अशाच बेल्टच्या इंजिनाविषयी आहे.

बेल्ट का झिजतो?

बेल्ट रबराचा असतो. आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात आणि दात्यांवर कापडाचा थर असतो. त्याचे वैरी चार. पहिला वय. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारे होतेच, म्हणून बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांमध्येही मोजतात, आणि जे आधी भरेल ते धरतात. दुसरा तेल. क्रँकचे किंवा कॅमचे ऑईल सील गळत असेल तर ते तेल बेल्टवर पडते आणि रबर फुगते, कुजते. तिसरा उष्णता आणि धूळ. चौथा वैरी म्हणजे शेजारचा खराब बेअरिंग. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर किंवा मधला आयडलर जाम झाला की चांगला नवा बेल्टही थोड्या वेळात जळतो किंवा त्याचे दाते सोलून निघतात.

बेल्ट चैनसारखा बोलत नाही. तो आज ठीक चालतो आणि उद्या घाटात तुटतो. म्हणून आवाजाची वाट पाहू नये. वरचे कव्हर सोडून, इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या उजेडात पाहावे. पाठीवर भेगा, कडेला निघालेले धागे, चकाकणारे किंवा तुटके दाते, तेलाचा डाग, यांपैकी एकही दिसले तर बेल्ट बदलावा. काहीच दिसले नाही आणि मुदत भरली असेल, तरीही बदलावा. मुदत किती, हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. तोच आकडा धरावा, शेजारच्या गाडीचा नव्हे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. विकणारा म्हणतो, ‘बेल्ट आत्ताच टाकलाय.’ त्याचे बिल किंवा गॅरेजची नोंद दाखवली तर मानावे. कागद नसेल तर बेल्टची मुदत संपली आहे असे धरूनच पहिल्या आठवड्यात तो बदलून घ्यावा, आणि तो खर्च सौदा करतानाच भावातून वजा करावा.

फक्त बेल्ट की पूर्ण संच?

आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने पैसे वाचवण्यासाठी फक्त बेल्ट घेतला आणि जुना टेन्शनर पुसून पुन्हा बसवला. काही महिन्यांनी त्या टेन्शनरचा बेअरिंग जाम झाला आणि नवाकोरा बेल्ट जळून तुटला. दोष बेल्टचा नव्हता. हेडचे काम निघाले आणि गाडी भर हंगामात उभी राहिली. तेव्हापासून तो दुसऱ्यांना सांगत असतो, की वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले.

म्हणून बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर नवे घ्यावेत. पाण्याचा पंप याच बेल्टवर चालत असेल तर त्याचा शाफ्ट हलतो काय, त्याच्याखाली पाण्याचा पांढरट ओघळ आहे काय ते पाहावे. शंका असेल तर तोही बदलावा, कारण तिथवर पोचण्याची मेहनत तीच आहे. तेल गळत असेल तर क्रँक आणि कॅमचे सील आताच बदलावे. गळते सील तसेच ठेवून नवा बेल्ट बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणे.

माल घेताना डुप्लिकेटपासून सावध राहावे. जुना बेल्ट दुकानात घेऊन जावे आणि दाते मोजून, रुंदी मापून, छापलेला भाग क्रमांक ताडून मगच नवा घ्यावा. पक्के बिल मागावे. बिल देताना दुकानदार का-कू करू लागला तर त्याच्या मालाविषयी काय समजायचे ते समजावे. नवा बेल्ट घरी आणल्यावर पिळू नये, उलटा करू नये, घडी घालून खिळ्याला टांगू नये. आतल्या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून दिसत नाही.

कामाची तयारी

ज्याने आजवर ऑईल आणि फिल्टरसुद्धा स्वतः बदललेले नाहीत, त्याने या कामाने सुरुवात करू नये. ज्याचा हात पान्यावर बसला आहे, त्यानेही पहिल्या वेळी जाणत्याला शेजारी उभे करावे. गोटी पान्यांचा संच, रिंग पाने, ठराविक जोराने आवळणारा टॉर्क पाना, पुली ओढण्याचा पुलर, पांढरा रंग आणि त्या इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअल, एवढे जवळ पाहिजे. टॉर्क पाना विकत घेणे परवडत नसेल तर दोन-चार जणांनी मिळून घ्यावा किंवा गॅरेजमधून एका दिवसासाठी आणावा. अंदाजाने आवळलेला क्रँकचा बोल्ट पुढे सैल होऊन पुली आणि चावी दोन्ही खातो.

दिवस सुटीचा निवडावा आणि सकाळी लवकर लागावे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. खाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये, मजबूत घोड्या लावाव्यात. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. हातातली अंगठी आणि गळ्यातला रुमाल काढून ठेवावा. कुलंट काढावा लागला तर तो झाकणाच्या डब्यात भरावा. तो चवीला गोडसर असतो आणि विषारी असतो. अंगणात मुले, शेळ्या, मांजरे असतात, हे विसरू नये.

काम कसे करावे?

१. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढावा. कोणता बोल्ट कुठला, हे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून लिहावे. लांबीत थोडा फरक असलेले बोल्ट बदलले तर आतले आटे जातात.

२. फॅन बेल्ट, क्रँकची बाहेरची पुली आणि टायमिंगचे कव्हर काढावे. क्रँकचा बोल्ट फार घट्ट असतो. पाना अडकवून स्टार्टर मारण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. पाना उसळून हात मोडतो.

३. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, ते नेहमी फिरते त्याच दिशेने, हळूहळू फिरवावे आणि पहिल्या नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणावा. क्रँकची खूण आणि कॅमची खूण मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे समोर आली पाहिजे. ज्या इंजिनात डिझेल पंपही याच बेल्टवर चालतो, तिथे पंपाची तिसरी खूणही जुळली पाहिजे. फक्त क्रँकची खूण पाहून समाधान मानू नये. क्रँक दर फेऱ्याला त्या जागी येतो, कॅम मात्र दोन फेऱ्यांत एकदाच येतो.

४. खुणा जुळल्यावर जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यावेत. हे ठिपके दुसरे साक्षीदार आहेत. पहिला साक्षीदार मात्र कारखान्याची खूणच, कारण आधीच्या माणसाने बेल्ट चुकीचा बसवलेला असू शकतो. मॅन्युअलमध्ये लॉक पिना सांगितल्या असतील तर त्या लावाव्यात, पण त्यांच्या आधाराने घट्ट बोल्ट सोडवू नयेत.

५. टेन्शनर सैल करून बेल्ट काढावा. या क्षणापासून क्रँक किंवा कॅम कोणीही फिरवायचा नाही. बेल्ट नसताना एकटा क्रँक किंवा एकटा कॅम फिरवला तर हातानेसुद्धा वॉल्व्ह वाकू शकतो.

६. सील, पंप, बेअरिंग तपासून बदलावेत. पुल्या कोरड्या कपड्याने पुसाव्यात. नव्या बेल्टला डिझेल, पेट्रोल, ग्रीस काहीही लागू देऊ नये.

७. नव्या बेल्टवर दिशेचा बाण असेल तर तो इंजिनाच्या चालीच्या दिशेने ठेवावा. क्रँकच्या पुलीपासून सुरुवात करून बेल्ट ताठ ठेवत पुढच्या पुलीवर न्यावा, म्हणजे सारी ढील शेवटी टेन्शनरच्या बाजूला जमा होईल. बेल्ट स्क्रू ड्रायव्हरने कोंबून चढवू नये. मग मॅन्युअलप्रमाणे ताण द्यावा. फार ताणला तर बेअरिंग जातो, ढिला राहिला तर बेल्ट दाता सोडतो.

८. लॉक पिना लावल्या असतील तर त्या काढाव्यात. ही गोष्ट विसरणारे कमी नाहीत. मग क्रँक हाताने पूर्ण २ फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच कडक अडथळा लागला तर जोर लावू नये. थांबावे, बेल्ट काढावा आणि पहिल्यापासून बसवावा. कॉम्प्रेशनचा दाब मऊ असतो आणि हळूहळू सुटतो. पिस्टन वॉल्व्हला लागतो तेव्हा हाताला ठक्क असे लोखंड लागते. हा फरक हाताला कळतो.

९. ताण पुन्हा तपासून कव्हर बसवावे. कव्हर फुटले असेल तर नवे घ्यावे, पण कव्हराशिवाय गाडी चालवू नये. एक खडा आत गेला तर साऱ्या कामावर पाणी पडते. क्रँकचा बोल्ट टॉर्क पान्याने सांगितलेल्या जोरापर्यंत आवळावा, आणि मॅन्युअलने नवा बोल्ट टाकायला सांगितला असेल तर नवाच टाकावा.

एक दाता म्हणजे किती?

काही जण म्हणतात, एखाद्या दात्याने काय होते? हिशेब करून पाहू. क्रँकच्या पुलीला समजा २० दाते आहेत. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. म्हणजे एक दाता १८ अंशांचा झाला. डिझेल कधी फवारायचे, हे मिस्त्री एक-दोन अंशांच्या फरकाने लावतो. तिथे १८ अंशांची चूक म्हणजे गाडी सुरू होताना कुरकुर, काळा किंवा पांढरा धूर, चढावर दम नाही आणि डिझेलचा खप जास्त. दोन-तीन दाते चुकले तर वॉल्व्हच गाठ घेतो. म्हणून ८ व्या टप्प्यातले ते २ फेरे दहा मिनिटांचे असले तरी साऱ्या दिवसाच्या कामात तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत.

कुठे थांबावे?

बेल्ट आधीच तुटला असेल तर घरी काहीही करू नये. ‘एकदा सेल्फ मारून बघू’ म्हणून जे वॉल्व्ह वाचलेले असतात तेही वाकतात. गाडी ओढत गॅरेजला न्यावी, कॉम्प्रेशन तपासावे, गरज असेल तर हेड उतरवावे, आणि मगच नवा बेल्ट टाकावा.

खुणा सापडत नसतील, क्रँकचा बोल्ट सुटत नसेल, पुलीची चावी झिजलेली दिसत असेल, किंवा डिझेल पंपाचे टायमिंग हलले असेल, तरी मिस्त्रीला बोलवावे. नव्या कॉमन रेल इंजिनांत क्रँक आणि कॅमजवळ सेन्सर असतात. त्यांच्या वायरी ओढू नयेत, आणि त्या इंजिनाचेच मॅन्युअल हाती नसेल तर पान्याला हात लावू नये. जाणत्याला विचारण्यात कमीपणा नाही. जुने उस्ताद आपल्या शागिर्दाला आधी खूण पाहायला शिकवत आणि मग पाना हातात देत, ते उगाच नव्हे.

हिशेबाची वही

शेवटी व्यापाराची गोष्ट. आपल्या वहीत तीन आकडे मांडावेत. पहिला, पूर्ण संचाची किंमत आणि मजुरी. दुसरा, बेल्ट तुटल्यास हेडच्या कामाचा अंदाज, जो गॅरेजवाला सांगेल. तिसरा, गाडीचे एका दिवसाचे भाडे गुणिले ती जितके दिवस उभी राहील तितके दिवस. दुसरा आणि तिसरा आकडा मिळवून पहिल्याशेजारी ठेवावा. मग पुढच्या मुदतीपर्यंत दरमहा किती बाजूला काढायचे ते आपोआप कळते, आणि मुदत आली की पैसे तयार असतात, उसने मागावे लागत नाहीत.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती कव्हराजवळ चिकटवावी, आणि तीच नोंद वहीत करावी. पार्टची बिले त्याच वहीत लावावीत. उद्या गाडी विकायची झाली तर याच नोंदीने दोन पैसे जास्त मिळतात. गॅरेज चालवणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंनीही प्रत्येक गाडीला अशी चिठ्ठी लावायची सवय ठेवावी. गिऱ्हाइकाला मुदत कळते, आणि मुदत संपली की तो चिठ्ठीवरचे नाव वाचून त्याच दारात परत येतो.